मूलनिष्ठा आणि रूपांतर : काही वादग्रस्त ग्रंथांचे पडद्यावरील रूप

मूळ संहितेतील शब्द कोणता आणि त्याचे रूपांतर करणाऱ्याने त्याचा अर्थ किती राखला, हा प्रश्न सामान्यतः भाषांतरकारांचा आणि साहित्यसमीक्षकांचा समजला जातो. सिल्वासा ह्या गावाच्या बाबतीत मात्र तो एका संपूर्ण प्रदेशाच्या इतिहासाचा प्रश्न ठरला. मराठे व पोर्तुगीज ह्यांच्यात १७७९ साली तह झाला, आणि त्यास अनुसरून १७८३ व १७८५ ह्या वर्षी पुणे दरबाराने दिलेल्या सनदांनी नगर हवेली व दादरा ह्या परगण्यांतील गावे पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १९५४ मध्ये हा प्रदेश मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली. तेव्हा, दोन शतकांपूर्वीच्या त्या कागदांत सार्वभौम सत्ता दिली होती की केवळ महसूल दिला होता, ह्या मुद्द्याचा तेथे बारकाईने खल झाला. तहाचे निरनिराळे पाठ आणि भाषांतरे न्यायाधीशांसमोर मांडली गेली. मराठ्यांनी दिले ते वर्षास बारा हजार रुपये उत्पन्नाचे, जहागीर किंवा सरंजाम ह्या स्वरूपाचे होते, असे न्यायालयाने १९६० च्या निकालात म्हटले. इंग्रजांनी पुढे पोर्तुगीजांचे स्वामित्व मानले ही गोष्ट न्यायालयाने वेगळी नोंदविली. परंतु मूळ शब्दाचा अर्थ त्याने मूळ शब्दांतच शोधला. रूपांतरात शब्द हलला की काय काय हलते, ह्याचे एवढे ठळक उदाहरण आपल्या परिसरात दुसरे सापडणे कठीण.

ज्या वर्षी नगर हवेलीची सनद झाली, त्या वर्षी पुण्याच्या गादीवर सवाई माधवराव हे बालपेशवे होते, कारभार नाना फडणविसांच्या हाती होता आणि शहराची कोतवाली घाशीराम सावळदास ह्याच्याकडे होती. ह्यांपैकी सवाई माधवरावांचे नाव आज शाळकरी मुलास इतिहासाच्या पुस्तकातून कळते. नाना व घाशीराम ही नावे मात्र सुशिक्षितांच्याही मनात प्रथम एका नाटकाची आठवण जागी करतात. इतिहासातील व्यक्ती नाटकात गेली, नाटकातून चित्रपटात गेली, आणि प्रत्येक मुक्कामावर तिचे काही बदलले. हा प्रवास केवळ घाशीरामाच्याच वाट्यास आला असे नाही. ज्या मराठी ग्रंथांनी समाजात वादळ उठविले, त्यांपैकी अनेक ग्रंथ पुढे पडद्यावर आले, आणि पडद्यावर येताना ते जसेच्या तसे राहिले नाहीत. ह्या बदलाकडे कसे पाहावे, त्यास ग्रंथद्रोह म्हणावे की रूपांतरकाराचा अधिकार मानावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुळापासून दूर जाणे हा आपल्या वाङ्मयीन परंपरेत कधीच गुन्हा मानला गेलेला नाही. महाभारतातील आख्याने पंडित कवींनी आपापल्या रुचीप्रमाणे वाढविली आणि बदलली. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले, देवलांनी ‘ऑथेल्लो’ला ‘झुंजारराव’ केले. शेक्सपिअरचा योद्धा मराठी पोशाखात रंगभूमीवर वावरू लागला, म्हणून कोणी देवलांवर विश्वासघाताचा आरोप ठेवला नाही. मग चित्रपटानेच मुळाशी तंतोतंत एकनिष्ठ राहावे असा आग्रह का धरावा?

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी निष्ठेचे दोन प्रकार वेगळे करणे सोयीचे होईल. पात्रे, प्रसंग, स्थळ, काळ आणि शेवट जसेच्या तसे ठेवणे ही घटनेची निष्ठा. ज्या प्रश्नासाठी ग्रंथ लिहिला गेला, तो प्रश्न त्याच तीव्रतेने प्रेक्षकापुढे ठेवणे ही आशयाची निष्ठा. सामान्य मनोरंजक कादंबरीच्या बाबतीत हा भेद फारसा महत्त्वाचा नसतो. परंतु वादग्रस्त ग्रंथाच्या बाबतीत त्या ग्रंथावर समाज रागावला हीदेखील त्या ग्रंथाच्या अर्थाचीच एक बाजू असते. तो राग कोणत्या वाक्यामुळे, कोणत्या आरोपामुळे उत्पन्न झाला हे ओळखून, तो आरोप जर पडद्यावर येताना गळून पडला, तर बाकी सारे प्रसंग जागच्या जागी असूनही ग्रंथ हरवला असे म्हणावे लागेल. उलट, सारे प्रसंग बदलूनही आरोप कायम राहिला, तर ग्रंथ जिवंत राहिला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ह्या दृष्टीने पाहू गेल्यास मराठी चित्रपटाच्या अगदी बाल्यावस्थेतच आपणांस एक विलक्षण उदाहरण भेटते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथानक विराटपर्वातील; परंतु खाडिलकर हे ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते, लॉर्ड कर्झनची कारकीर्द नुकतीच संपली होती, आणि वंगभंगाची जखम ओली होती. विराटाच्या दरबारात अपमान सोसणारी सैरंध्री म्हणजे भारतमाता, उन्मत्त कीचक म्हणजे कर्झन, धीर धरावयास सांगणारा कंकभट म्हणजे नेमस्त, आणि शेवटी कीचकाचा निकाल लावणारा बल्लव म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षकांनी सहज ओळखले. ते सरकारनेही ओळखले. व्हॅलेंटाइन चिरोल ह्या इंग्रज पत्रपंडिताने हिंदुस्थानातील असंतोषावर लिहिलेल्या पुस्तकात ह्या नाटकाची दखल घेतली, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. पुराणातील एक शब्दही न बदलता वर्तमानावर आरोप करता येतो, हे खाडिलकरांनी दाखविले. आणि पुराणकथेवरही बंदी घालता येते, हे सरकारने दाखविले.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९२० मध्ये, कोल्हापुरात बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने आपला पहिला चित्रपट काढला. त्याचे नाव ‘सैरंध्री’. आख्यान तेच, आणि खाडिलकरांच्या नाटकाची स्मृती प्रेक्षकांच्या मनात ताजी. पण हा मूकपट होता. खाडिलकरांच्या नाटकाचा सारा जोर संवादांत; द्रौपदीचा संताप, धर्मराजाचा संयम आणि भीमाची तगमग ह्यांचा वाद शब्दांतून चाले. मूकपटाने हा वादच काढून घेतला. असे करण्यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. माध्यमाला जीभच नव्हती. राहिले ते दृश्य. भीमाने कीचकाचा केलेला वध बाबूरावांनी असा हुबेहूब दाखविला की प्रेक्षक भयभीत झाले, आणि तो भाग कापावा लागला, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. १९१० मध्ये सत्ताधाऱ्यांना भीती वाटली ती नाटकाच्या अर्थाची. १९२० मध्ये कात्री चालली ती रक्तावर. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ साली झाला होता व परीक्षण मंडळे १९२० मध्ये कामास लागत होती. त्या काळच्या परीक्षकास पडद्यावर दिसणारी हिंसा ठळकपणे दिसली. शब्दाविना उरलेला अर्थ त्यास तितका धोकादायक वाटला नसावा.

पुढे १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा ‘सैरंध्री’ काढली. आता बोलपट आला होता, म्हणजे जीभ परत मिळाली होती. परंतु ह्या चित्रपटाची जी कीर्ती झाली ती निराळ्याच कारणाने. तो रंगीत करावा म्हणून त्याच्या प्रती जर्मनीत तयार करविल्या गेल्या, आणि रंग मनासारखे न उतरल्यामुळे हा प्रयोग फसला. आज चित्रपटाच्या इतिहासात ही ‘सैरंध्री’ रंगाच्या प्रकरणात आढळते, राजकारणाच्या प्रकरणात आढळत नाही. एकच आख्यान नाटकात राजद्रोह ठरले, मूकपटात भयानक दृश्य ठरले आणि बोलपटात तांत्रिक प्रयोग ठरले. तिन्ही वेळा घटना तीच होती. ह्यावरून घटनेची निष्ठा एकटी किती अपुरी आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

आता पुन्हा घाशीरामाकडे वळू. इतिहासातील घाशीराम हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याने तैलंगी ब्राह्मणांना एका लहानशा जागेत कोंडले, त्यांतील अनेक जण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि अखेर लोकांनी घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. ह्या घटनेवर मोरोबा कान्होबा ह्यांनी १८६३ मध्येच ‘घाशीराम कोतवाल’ ह्या नावाचा ग्रंथ लिहिला होता. परंतु महाराष्ट्रात खरे वादळ उठले ते विजय तेंडुलकरांच्या नाटकाने. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग केला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी ते थांबविले. कलावंतांनी वेगळे होऊन १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि पुढील वर्षी नाटक पुन्हा उभे केले. नाना फडणवीस ह्यांच्यासारख्या मुत्सद्द्याचे विषयलंपट चित्र रंगविले, पुण्याच्या ब्राह्मण समाजाची निंदा केली, असा आक्षेप होता. नाटक ऐतिहासिक नाही, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. घाशीरामाने कोतवालीसाठी आपली मुलगी नानाच्या स्वाधीन केली हा नाटकाचा कणा इतिहासाच्या कागदांतून आलेला नाही, तो नाटककाराने रचलेला आहे.

म्हणजे मूलनिष्ठेचा आरोप प्रथम नाटकावरच झाला, आणि ‘मूळ’ म्हणून इतिहासास उभे करण्यात आले. हा आरोप ज्यांनी केला त्यांना तुच्छतेने बाजूस सारणे योग्य होणार नाही. नाना फडणवीस हे काल्पनिक पात्र नव्हे. पानिपतानंतरच्या मराठी राज्याचा डोलारा ज्यांनी दीर्घकाळ सांभाळला त्यांपैकी ते एक प्रमुख पुरुष. त्यांच्या नावावर न घडलेली गोष्ट मांडताना लेखकावर जबाबदारी येते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नाटकाने विचारलेला प्रश्न नानांच्या चारित्र्यापुरता मर्यादित नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी क्रूर माणूस निर्माण करते, त्यास मोकळे सोडते, आणि त्याची उपयुक्तता संपताच त्यास जमावाच्या हाती देऊन स्वतः निष्कलंक राहते. मग ह्या क्रौर्याचा कर्ता कोण, हा तो प्रश्न. रंगमंचावर हा प्रश्न एका विलक्षण युक्तीने उभा राहिला होता. ब्राह्मणांची एक रांग पडद्यासारखी उभी राही, नाचे, डोले, गाई, आणि तिच्यामागे जे घडे ते कधी झाकी तर कधी उघडे करी. समाज स्वतःच पापाचा पडदा होतो, हे त्या मानवी भिंतीने एकही वाक्य न बोलता सांगितले.

१९७६ मध्ये ह्या नाटकावरून चित्रपट निघाला. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ह्या नावाने सहकारी संस्था काढून तो निर्माण केला. मणी कौल, के. हरिहरन आदी मंडळी त्यात होती, पटकथा तेंडुलकरांचीच होती, नानाची भूमिका नाटकाप्रमाणे मोहन आगाशे ह्यांनी केली, आणि घाशीराम म्हणून ओम पुरी प्रथमच पडद्यावर दिसले. नाटक पाहिलेला प्रेक्षक हा चित्रपट पाहू लागला तर गोंधळून जातो. ज्या नृत्यगायनाने नाटकघर भारून जाई ते येथे मुख्य राहिलेले नाही. मानवी भिंतीस पूर्वीचे स्थान नाही. उलट पेशवाईचे राजकारण आणि इंग्रजांची वाढती छाया ह्यांना विस्तार मिळाला आहे. लोकप्रियतेच्या दृष्टीने हा तोटाच झाला. परंतु आशयाच्या दृष्टीने पाहता रूपांतरकारांनी एक महत्त्वाची गोष्ट राखली. सत्ता आणि तिचा कोतवाल ह्यांचे नाते हा नाटकाचा आरोप त्यांनी सोडला नाही. उलट तो एका व्यक्तीच्या विषयलालसेपासून दूर नेऊन राज्यव्यवस्थेच्या मुळाशी नेला. चित्रपट तयार झाला ते वर्ष आणीबाणीचे होते, हे विसरता येत नाही. जेव्हा कोतवालाच्या अधिकाराचा अनुभव सामान्य नागरिकास घरबसल्या येत होता, तेव्हा हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते. म्हणून नाटकाशी घटनेने आणि रूपाने अप्रामाणिक असलेल्या ह्या चित्रपटास आशयाने प्रामाणिक म्हणणे भाग आहे.

येथे परदेशातील एक उदाहरण उपयोगी पडेल, आणि सिल्वाशाच्या वाचकास ते अगदी परके वाटू नये. कारण ज्यांची सत्ता ह्या गावावर पावणेदोनशे वर्षांच्या आसपास होती, त्या पोर्तुगीजांच्याच वाङ्मयातील ते आहे. एसा द केरोश हा एकोणिसाव्या शतकातील पोर्तुगालचा सर्वांत थोर कादंबरीकार मानला जातो. त्याच्या ‘पाद्री आमारोचा अपराध’ ह्या कादंबरीत लैरीया गावातील एक तरुण पाद्री अमेलिया नावाच्या मुलीस नादी लावतो, आणि त्याची परिणती तिच्या व तिच्या अर्भकाच्या मृत्यूत होते. पाद्री मात्र पुढे सुखाने नांदतो. धर्मसंस्थेच्या ढोंगावरील हा घाव तेथील समाजास फार झोंबला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ह्या कादंबरीचे ‘मूळ’ एकच नाही. १८७५ मध्ये ती नियतकालिकात आली, १८७६ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि १८८० मध्ये लेखकाने ती जवळजवळ नव्याने लिहिली. आरंभीच्या रूपात पाद्री स्वतःच्या हातांनी मूल बुडवितो. अखेरच्या रूपात तो ते मूल अशा बाईच्या हवाली करतो, जिच्याकडे दिलेली मुले जगत नाहीत. लेखक स्वतःच आपल्या पहिल्या लेखनाशी एकनिष्ठ राहिला नाही, आणि त्या बदलाने आरोप अधिकच धारदार झाला, कारण आता अपराध सोयीस्कररीत्या दुसऱ्याच्या हातून होतो.

२००२ साली मेक्सिकोत कार्लोस कारेरा ह्यांनी ह्या कादंबरीवर चित्रपट काढला. देश बदलला, खंड बदलला, शतक बदलले. गाव मेक्सिकोतील झाले, पाद्री आजच्या काळातील झाला, आणि अमेलिया बाळंतपणाऐवजी चोरून केलेल्या गर्भपाताने मरण पावली. घटनेच्या निष्ठेचा हिशेब मांडला तर ह्या चित्रपटास फारच थोडे गुण मिळतील. परंतु तो प्रदर्शित होताच कॅथलिक संघटनांनी बंदीची मागणी केली, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी पोर्तुगालमध्ये जो राग उसळला होता त्याच जातीचा राग तेथे उसळला. आरोप शाबूत होता ह्याचा ह्याहून दुसरा पुरावा काय हवा? राग हाच नेहमी सत्याचा पुरावा असतो असे मात्र ह्यावरून समजू नये. केवळ खळबळ उडविण्यासाठी काढलेल्या चित्रपटांवरही लोक रागावतात. कोणत्या गोष्टीसाठी रागावले, हे पाहावे लागते.

हाच निकष मराठीतील दोन अलीकडच्या ग्रंथांना लावून पाहू. अभिनेत्री हंसा वाडकर ह्यांचे आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. पुस्तकाचे नाव त्यांच्याच १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटावरून घेतलेले. बालवयापासून घरासाठी कमावणाऱ्या, मद्य आणि पुरुषसंबंध ह्यांविषयी काहीही न लपविणाऱ्या स्त्रीचे हे निवेदन वाचून मराठी वाचक हादरला. श्याम बेनेगल ह्यांनी त्यावरून १९७७ मध्ये हिंदीत ‘भूमिका’ काढला. नायिकेचे नाव बदलले, प्रसंगांचा क्रम बदलला, काही पात्रे रचली. कमावणाऱ्या स्त्रीस आपल्या आयुष्याचा निर्णय घेता येत नाही, एका घरातून सुटून ती दुसऱ्या घरात कोंडली जाते, हा मूळ आरोप स्मिता पाटील ह्यांच्या अभिनयातून पूर्ण ताकदीने व्यक्त झाला. तरीही एक गोष्ट गेली, आणि ती लहान नव्हे. पुस्तकात हंसाबाई स्वतः बोलतात. ‘सांगत्ये’ ह्या एका क्रियापदात त्यांचा स्वर, त्यांची बोली आणि त्यांचा अधिकार आहे. पडद्यावर त्यांच्याविषयी दुसरे कोणी सांगते, आणि तेही दुसऱ्या भाषेत. प्रश्न राहिला, प्रश्न विचारणारी स्त्री बाजूस झाली.

जयवंत दळवी ह्यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ मधील. मुंबईच्या झोपडपट्टीतील जीवन तिने असे निःसंकोच मांडले की पांढरपेशा अभिरुचीस धक्का बसला. रवींद्र धर्मराज ह्यांनी त्यावर १९८१ मध्ये काढलेल्या हिंदी चित्रपटास लोकार्नो येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. परंतु गावोगावच्या प्रेक्षकाने प्रथम पाहिले ते चित्रपटाचे भित्तिपत्रक, आणि त्यावर होती उघड्या नळावर स्नान करणारी नायिका. कादंबरीत जे दारिद्र्याचे अपरिहार्य वास्तव होते ते जाहिरातीत प्रलोभन झाले, आणि चर्चा झोपडीवरून सरकून त्या चित्रावर आली. चित्रपटाने जे राखले ते जाहिरातीने घालविले. रूपांतराचा विचार करताना आपण दिग्दर्शकापाशीच थांबतो. वितरक आणि जाहिरातदार हेही ग्रंथाचे रूपांतरकार असतात, हे विसरतो.

ह्या सर्व बदलांमागे व्यक्तींच्या आवडीनिवडींखेरीज काही कायदेशीर आणि आर्थिक कारणेही आहेत. चंद्रकांत काकोडकर ह्यांच्या ‘श्यामा’ ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. पण कथा आधी छापली गेली, वाचली गेली, आणि मग वाद होऊन १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकास निर्दोष ठरविले. चित्रपटास ही सवड नसते. त्याला आधी प्रमाणपत्र लागते, आणि हे पूर्वपरीक्षण घटनेस धरून आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या प्रकरणात सांगितले. ग्रंथकार समाजाच्या कोर्टात नंतर उभा राहतो. चित्रपटकाराला दारातच जबाब द्यावा लागतो. त्यातच चित्रपटाच्या भांडवलाचा भार मोठा. ज्याच्यावर अनेकांचे पैसे अडकले आहेत त्याची लेखणी आपोआप जपून चालते. म्हणून चित्रपटातील गाळलेल्या जागा वाचताना, हे दिग्दर्शकाला कळले नाही की त्याला परवडले नाही, हा विवेक समीक्षकाने ठेवला पाहिजे.

आता हा विषय सिल्वाशाच्या शिक्षकापाशी आणून सोडतो. महाराष्ट्र आणि गुजरात ह्यांच्या सीमेवर, मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली-कोकणा-धोडिया बोली जेथे शेजारी शेजारी बोलल्या जातात, तेथील विद्यार्थ्यापर्यंत मराठीतील वादग्रस्त ग्रंथ बहुधा मराठीतून पोहोचत नाहीत. ते हिंदी चित्रपटांतून पोहोचतात. ‘भूमिका’ पाहिलेल्या मुलीस ‘सांगत्ये ऐका’ हे नाव ठाऊक असतेच असे नाही. ‘चक्र’ पाहिलेल्या मुलास दळवी कोण ते ठाऊक नसते. पुण्यामुंबईच्या वाचकास चित्रपट हा ग्रंथाचा दुसरा पाठ असतो. सीमेवरच्या विद्यार्थ्यास तोच पहिला आणि एकमेव पाठ असतो. मुळापासून झालेला बदल त्यास बदल म्हणून दिसतच नाही, कारण मूळ त्याच्यासमोर नाही. चित्रपटाची खरी हानी येथे होते, आणि तिचा दोष एकट्या चित्रपटाकडे जात नाही. ग्रंथ हाताशी ठेवण्याचे काम आपले आहे.

चित्रपटसृष्टीशी ह्या गावाचे वैर असण्याचे तर काहीच कारण नाही. मुक्तिकार्यास निधी मिळावा म्हणून पुण्यात लता मंगेशकर गायल्या होत्या, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त करणाऱ्या तरुणांत मराठी चित्रपटांना अवीट चाली देणारे सुधीर फडके होते. तेव्हा शिक्षकाने चित्रपट वर्गाबाहेर ठेवावा असे येथे सुचवावयाचे नाही. तो अवश्य दाखवावा. मात्र त्याच आठवड्यात पुस्तकातील तोच प्रसंग मोठ्याने वाचून घ्यावा, आणि विद्यार्थ्यांस तीन गोष्टी विचाराव्यात : काय बदलले, ते कोणत्या कारणाने बदलले असावे, आणि ह्या पुस्तकावर लोक ज्यासाठी रागावले होते ती गोष्ट पडद्यावर आहे की नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांना पुस्तक पुरे वाचावेच लागेल. जुन्या सनदेतील एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी जगातील मोठे न्यायाधीश मूळ कागदाकडे वळले. आपल्या विद्यार्थ्यांस मूळ ग्रंथाकडे वळविणे त्या मानाने सोपे आहे, आणि ते करावयास न्यायालयाची गरज नाही. शाळेच्या कपाटात त्या पुस्तकाची एक प्रत असली म्हणजे पुरे.